ऐतिहासिक किस्सा खरा की खोटा हे कसं तपासायचं: पायरी पायरीने

नेपोलियन बुटका होता, उत्तर युरोपातले व्हायकिंग लोक शिंगांची शिरस्त्राणं घालायचे, चीनची भिंत चंद्रावरून दिसते, आइनस्टाइन गणितात नापास झाला होता. हे किस्से सगळ्यांना पाठ आहेत आणि यातलं बरंचसं चूक आहे हेही आता पुष्कळांना माहितीये. पण नवीन किस्सा आला की लोक परत तेच करतात, आलेलं वाक्य जसंच्या तसं सर्चमध्ये टाकतात, पहिल्या पानावर आठ-दहा साइट तेच सांगताना दिसल्या की खरं मानतात आणि एखादीने "हा गैरसमज आहे" असं लिहिलं असेल तर तेवढ्यावर खोटं मानतात. यात पुरावा कोणीच बघितलेला नसतो.

खाली दिलेला क्रम मोडू नका. बहुतेक जण सहावी-सातवी पायरी आधी करतात (म्हणजे "लोकांना असं का वाटलं असेल" यावर तर्क लढवतात) आणि दुसरी पायरी करतच नाहीत. दुसरी नीट झाली की निम्मे किस्से तिथेच निकालात निघतात.

तयारी

एक कोरी नोट उघडा, मोबाइलवर चालेल पण कॉम्प्युटर असेल तर बरं, कारण जुनी स्कॅन केलेली पानं छोट्या स्क्रीनवर वाचताना डोळे दुखतात. नोटमध्ये तीन रकाने करा: दावा, कोणी कधी लिहिलंय, आणि ते मी स्वतः पाहिलंय का. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कोणीतरी "अमुक इतिहासकाराने असं लिहिलंय" म्हणतो तेव्हा तुम्ही त्या इतिहासकाराचं पान पाहिलेलं नसतं, आणि हे नोंदवलं नाही तर तासाभराने तुम्हालाच आठवत नाही की नक्की काय वाचलं होतं आणि काय ऐकलं होतं.

साधनं फुकट आहेत. गुगल बुक्स, इंटरनेट अर्काइव्ह, फ्रेंच गोष्टींसाठी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका. विकिपीडियाही वापरा, फक्त लेख वाचून थांबू नका, खाली उतरून तळटिपा उघडा. चॅटबॉटला विचारायचं असेल तर "कुठे शोधू" एवढंच विचारा. त्याने दिलेलं अवतरण किंवा पान नंबर स्वतः उघडून बघेपर्यंत तिसऱ्या रकान्यात "नाही" असंच लिहा.

पायरी १: दावा तोडून लिहा

किस्सा एक वाटतो पण त्यात चार-पाच वेगळे दावे असतात. उदाहरण घ्या: "फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी लोकांना पाव मिळत नव्हता, तेव्हा राणी मारी आंत्वानेत म्हणाली, मग केक खा." याचे तुकडे असे पडतात:

- हे वाक्य कोणीतरी बोललं किंवा लिहिलं.
- बोलणारी व्यक्ती मारी आंत्वानेत होती.
- वेळ राज्यक्रांतीची होती.
- शब्द "केक" असाच होता.

प्रत्येक तुकड्याला वेगळी ओळ द्या. एक तुकडा खरा निघाला म्हणून बाकीचे खरे होत नाहीत आणि एक खोटा निघाला म्हणून सगळे खोटेही होत नाहीत. या वाक्यात पहिला तुकडा खरा आहे. फ्रेंच विचारवंत रूसोच्या आत्मचरित्राच्या सहाव्या भागात एका "थोर राजकन्येच्या" तोंडी ते आलंय, नाव नाहीये, आणि तिथे केक नसून ब्रिओश आहे, म्हणजे लोणी-अंडी घातलेला भारी पाव. तो भाग रूसोने १७६० च्या दशकात लिहिला. मारी आंत्वानेतचा जन्म १७५५ चा, ती फ्रान्समध्ये आली १७७० ला. म्हणजे हे लिहिलं गेलं तेव्हा ती ऑस्ट्रियात लहान मुलगी होती आणि राज्यक्रांतीला अजून वीसेक वर्षं होती. आता दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यांचं काय करायचं ते आपोआप दिसतं.

> तपासा: प्रत्येक ओळीत कोण, कुठे, कधी यातलं निदान एक तरी पक्कं आहे का? "पूर्वीच्या काळी लोक मानायचे की..." अशी ओळ असेल तर ती तपासताच येत नाही. कुठले लोक, कोणता काळ, हे आधी ठरवा.

पायरी २: सगळ्यात जुना उल्लेख शोधा

सगळं काम इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका.

आजच्या लेखांपासून मागे मागे जायचं. गुगल बुक्समध्ये वाक्याचा एखादा वेगळा वाटणारा तुकडा अवतरण चिन्हात टाका, तारखेची मर्यादा लावा, आधी १९५० पर्यंत, मग १९०० पर्यंत, मग १८५०, असं एकेक पायरी खाली उतरत जा. जिथे उल्लेख येणं बंद होतं तिथे थांबा आणि त्या टोकाच्या पुस्तकाचं पान स्वतः वाचा. मग दोन तारखा शेजारी शेजारी मांडा, घटना कधीची आणि पहिला उल्लेख कधीचा.

गॅलिलिओचं बघा. १६३३ ला खटल्यात त्याला पृथ्वी फिरते हे म्हणणं मागे घ्यायला लावलं, आणि उठताना तो पुटपुटला "तरीही ती फिरतेच", असा किस्सा. हे वाक्य छापलेलं सापडतं ते बारेत्ती या लेखकाच्या १७५७ च्या पुस्तकात. गॅलिलिओ १६४२ ला वारला. मधे एकशे पंधरा वर्षं गेली.

व्होल्टेअर या फ्रेंच लेखकाच्या नावावरचं वाक्य यापेक्षा सोपं. "तुमचं म्हणणं मला पटत नाही, पण ते म्हणायच्या तुमच्या हक्कासाठी मी मरेपर्यंत लढेन." व्होल्टेअर १७७८ ला गेला, आणि वाक्य येतं १९०६ मध्ये, इव्हलिन बिअट्रिस हॉल या लेखिकेच्या पुस्तकात, जे तिने टोपणनावाने लिहिलं होतं. तिला व्होल्टेअरची वृत्ती सांगायची होती, त्यासाठी तिने ते आपल्या शब्दांत मांडलं पण घातलं अवतरण चिन्हात, आणि नंतर स्वतःच स्पष्ट केलं की शब्द माझे आहेत. अवतरण चिन्हं तशीच राहिली आणि वाक्य जगभर गेलं.

चीनच्या भिंतीचं तर तारखा बघूनच उत्तर मिळतं. भिंत चंद्रावरून दिसू शकेल असं विल्यम स्ट्यूकली या इंग्रज गृहस्थाने १७५४ ला एका पत्रात लिहिलं होतं, आणि १९३० च्या दशकात वर्तमानपत्रांत-पुस्तकांत ते पक्की माहिती म्हणून फिरत होतं. पहिला माणूस अवकाशात गेला १९६१ ला! म्हणजे कोणी बघायच्या आधीच दावा तयार होता. भिंत लांब आहे खरी पण रुंदीला काही मीटरच, आणि रंग आजूबाजूच्या मातीसारखा. २००३ मध्ये चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवतीच फिरून आला, चंद्राच्या मानाने अगदी जवळून, आणि त्यालाही ती दिसली नाही.

इथे होणाऱ्या चुका:

*फक्त इंग्रजीत शोधणं.* गॅलिलिओ इटालियनमध्ये बोलला असता, नेपोलियन फ्रेंचमध्ये. मूळ भाषेतलं वाक्य विकिपीडियाच्या त्या भाषेतल्या लेखातून उचला आणि ते शोधा.

*जुन्या छपाईचा घोळ.* साधारण १८०० च्या आधीच्या इंग्रजी पुस्तकांत एस हे अक्षर बऱ्याच ठिकाणी लांब काढलेलं असायचं, एफसारखं दिसणारं, आणि कॉम्प्युटर ते एफ म्हणूनच वाचतो. शब्द सापडत नसेल तर एसच्या जागी एफ टाकून बघा. खूप लोक इथे "उल्लेखच नाही" म्हणून परत जातात आणि उल्लेख समोर पडलेला असतो.

*तारखेवर भरवसा.* गुगल बुक्सवर दाखवलेलं वर्ष कधीकधी चूक असतं, मासिकांच्या बांधीव गठ्ठ्यांना तर सर्रास पहिल्या अंकाचं वर्ष लागलेलं असतं. पुस्तकाचं आतलं, नाव छापलेलं पान उघडा आणि तिथलं वर्ष बघा.

> थांबा: तुम्हाला १८५० च्या आधी काही सापडलं नाही म्हणजे आधी काही नव्हतंच असं नाही. नोटमध्ये "मला सापडलेला सगळ्यात जुना उल्लेख" असंच लिहा.

पायरी ३: साइट मोजू नका, मुळं मोजा

दहा साइट एकच गोष्ट सांगतात. त्या दहांनी ती कुठून घेतली? प्रत्येकीचा दुवा उघडत गेलात तर बऱ्याचदा सगळे एकाच लेखापाशी येऊन थांबतात. मग तुमच्याकडे पुरावा एकच आहे, दहा नाहीत.

मेंकेन या अमेरिकन पत्रकाराचं प्रकरण यासाठी लक्षात ठेवा. २८ डिसेंबर १९१७ ला त्याने एका न्यूयॉर्कच्या दैनिकात अमेरिकेतल्या बाथटबचा इतिहास लिहिला, पहिला टब १८४२ मध्ये सिनसिनाटी शहरात बसला, डॉक्टरांनी तब्येतीला घातक म्हणून विरोध केला, मग राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी व्हाइट हाउसमध्ये टब बसवला तेव्हा लोकांनी स्वीकारला, वगैरे. सगळं मनाने रचलेलं, गंमत म्हणून. पण तारखा होत्या, नावं होती, विरोध करणारे डॉक्टर होते, आणि लोकांनी ते उचललं, दुसऱ्या पेपरांनी छापलं, संदर्भग्रंथांत गेलं. १९२६ ला मेंकेनने स्वतः जाहीर लिहिलं की ते सगळं खोटं होतं, तरीही पुढे कित्येक वर्षं ते छापलं जातच राहिलं. त्या काळात कोणी "किती ठिकाणी लिहिलंय" असं मोजलं असतं तर ढीगभर संदर्भ निघाले असते, आणि मूळ मात्र एकच, तेही बनावट.

यातून अजून एक गोष्ट घ्या. किश्शात बारीक तपशील भरपूर आहेत म्हणून तो खरा वाटतो, तारीख-वार दिला की आपण मान डोलावतो. पण खोटं लिहिणारा तपशील अगदी मुद्दाम घालतो.

> तपासा: नोटमधल्या दुसऱ्या रकान्यात एकमेकांवरून न घेतलेली किती मुळं उरली? एकच असेल तर समोर "एक" असं मोठ्ठं लिहा.

पायरी ४: सांगणारा तिथे होता का

सगळ्यात जुना उल्लेख मिळाला की तो लिहिणारा घटनेपासून किती लांब होता ते बघा, काळानेही आणि जागेनेही.

गिझाचा मोठा पिरॅमिड इसवी सन पूर्व २५६० च्या आसपासचा. एक लाख माणसं तिथे राबत होती असं सांगणारा ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इसवी सन पूर्व पाचव्या शतकातला. मधे दोन हजार वर्षं! तो पिरॅमिड बांधणाऱ्यांचा समकालीन नव्हताच, त्यांच्यापेक्षा तो आपल्याला फारसा लांब नाही. मग तिथे जमिनीत काय सापडलं ते जास्त मोलाचं, आणि १९९० पासून गिझाला कामगारांच्या कबरी सापडायला लागल्या, राजाच्या पिरॅमिडच्या जवळच मानाने पुरलेले लोक, काहींची मोडलेली हाडं नीट बसवून भरून आलेली, शिवाय जवळच त्यांची वस्ती आणि पावाच्या भट्ट्या. चाबकाखाली राबणाऱ्या गुलामांचं जे चित्र आपल्या डोक्यात आहे ते याच्याशी जुळत नाही. काम सुखाचं होतं असा याचा अर्थ लावू नका, हाडांवर अतिश्रमाच्या खुणाही आहेत.

रोम जळत असताना सम्राट नीरो फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवत होता, या किश्शात व्हायोलिन तर बाजूलाच ठेवा, ते वाद्य सोळाव्या शतकातलं आणि आग इसवी सन ६४ ची. पण तेवढ्यावर "खोटं" म्हणून सुटू नका. रोमन इतिहासकार टॅसिटस तेव्हा लहान मुलगा होता आणि त्याने लिहिलं पन्नासेक वर्षांनी. तो सांगतो की आग लागली तेव्हा नीरो रोमबाहेर अँटियम या गावी होता, परत आल्यावर त्याने बेघर लोकांसाठी स्वतःच्या बागा उघडल्या, धान्याचे भाव उतरवले, पण लोकांत अशी कुजबुज होती की शहर जळत असताना तो ट्रॉयच्या विनाशाचं गाणं गात होता. टॅसिटस त्याला अफवाच म्हणतो. म्हणजे अफवा खरंच जुनी आहे, नंतरच्या लेखकांनी तिला घटना करून टाकलं. असा बदल होताना दिसला की नोटमध्ये वेगळी खूण करा, कारण बऱ्याच किश्शांचं मूळ असंच असतं, एकाने "लोक म्हणतात" लिहिलं आणि पुढच्याने "लोक म्हणतात" गाळलं.

पायरी ५: मापं, कॅलेंडर आणि सरासरी

आकडा दिसला की तो कुठल्या मापातला आहे हे विचारा. नेपोलियनची उंची पाच फूट दोन इंच नोंदवली गेली होती आणि हा आकडा बरोबरच आहे, फक्त फूट-इंच जुने फ्रेंच आहेत. फ्रेंच फूट ३२.४८ सेंटिमीटरचा आणि इंच २.७०७ सेंटिमीटरचा. आता गणित करा: पाच फुटांचे १६२.४, दोन इंचांचे ५.४, एकूण जवळजवळ १६८ सेंटिमीटर, म्हणजे आजच्या मापात पाच फूट सहा इंच. त्या काळच्या फ्रेंच माणसासाठी हे कमी नव्हतं. त्यात इंग्रज व्यंगचित्रकार गिलरे त्याला आदळआपट करणारा छोटासा माणूस म्हणून काढायचा, आणि चित्र तर आकड्यापेक्षा लवकर पसरतं.

कॅलेंडरचा घोळ याहून जास्त. १५८२ ला कॅथलिक देशांनी ग्रेगोरियन म्हणजे आजचं कॅलेंडर घेतलं, इंग्लंडने घेतलं १७५२ ला, रशियाने १९१८ ला. म्हणून "शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस एकाच दिवशी गेले, २३ एप्रिल १६१६" हे कागदावर सुंदर दिसतं पण शेक्सपिअरची तारीख जुन्या कॅलेंडरची आहे, नव्यात ती ३ मे होते. वर सर्व्हांतेसचा मृत्यू बहुधा २२ तारखेचा, २३ ला दफन. तसंच "गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला" हे. गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२, नव्या कॅलेंडरने. न्यूटन २५ डिसेंबर १६४२, जुन्या कॅलेंडरने, नव्यात ४ जानेवारी १६४३. एकाच कॅलेंडरमध्ये दोघांना बसवलं की योगायोग संपतो. योगायोगाचा किस्सा आला की तारखा आधी एकाच कॅलेंडरमध्ये आणा, मगच पुढे.

सरासरीचं थोडक्यात. "जुन्या काळी माणसं पस्तिशीत म्हातारी होऊन मरायची." समजा दहांपैकी चार बाळं वर्षाची होऊन गेली आणि उरलेले सहा साठीपर्यंत जगले, तर सरासरी ३६ येते, आणि यात पस्तिशीत एकही जण मेलेला नाही. जन्मावेळचं सरासरी आयुर्मान म्हणजे मोठ्या माणसाचं मरायचं वय नव्हे.

पायरी ६: डोळ्यांपुढचं चित्र कुठून आलं ते बघा

व्हायकिंग म्हणलं की शिंगं दिसतात ती बहुतांशी ऑपेराच्या स्टेजवरून आली. १८७६ ला जर्मनीतल्या बायरॉइटमध्ये संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांची मालिका झाली, कार्ल एमिल डोप्लरने पोशाख केले आणि शिंगं, पंख लावलेली शिरस्त्राणं तिथून लोकांच्या मनात पक्की बसली. प्रत्यक्षात नॉर्वेत १९४३ ला सापडलेलं यर्मुंडबू इथलं शिरस्त्राण गोल, साधं, डोळ्यांभोवती चष्म्यासारखं लोखंड, शिंगं नाहीत. आता कोणीतरी तुम्हाला डेन्मार्कच्या वेक्सो इथल्या शिंगवाल्या शिरस्त्राणांचा फोटो पाठवेल. फोटो खरा आहे, वस्तूही खरी आहे, पण ती कांस्ययुगातली आहे, इसवी सन पूर्व ९०० च्या आसपासची, व्हायकिंग काळ सुरू व्हायच्या साधारण सतराशे वर्षं आधीची. फोटो आला की वस्तूचा काळ वेगळा शोधा, फोटोखालच्या ओळीवर जाऊ नका.

म्युझियममध्ये ठेवलंय हाही पुरावा नव्हे. आतून खिळे असलेली "आयर्न मेडन" नावाची छळपेटी मध्ययुगातली म्हणून कितीतरी ठिकाणी दाखवतात, तिची गोष्ट सुरू होते १७९३ च्या एका जर्मन लेखकाच्या लिखाणातून आणि दाखवल्या जाणाऱ्या पेट्या त्यानंतर जुळवून केलेल्या. वस्तूसमोरच्या पाटीवर ती कधी बनली हे लिहिलंय की कुठल्या काळाचं दर्शन घडवते एवढंच लिहिलंय, हे नीट वाचा.

पायरी ७: "पहिला" आणि "शोध लावला" हे शब्द वेगळे काढा

उगमाच्या गोष्टींत हे दोन शब्द हमखास असतात आणि तिथेच घसरायला होतं. "पहिला" म्हणजे पहिली कल्पना, पहिला चालणारा नमुना, पहिलं पेटंट की पहिली विक्री? विजेच्या दिव्यासाठी प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान आणि अमेरिकेत एडिसन, दोघंही १८७९ च्या आसपास टिकाऊ दिव्यापर्यंत पोचले, त्यांच्या आधीही कितीतरी जणांनी तार पेटवून बघितली होती, आणि १८८३ ला इंग्लंडमध्ये या दोघांची मिळून एक कंपनीच झाली. एकाने दुसऱ्याचं सगळं चोरलं ही गोष्ट जितकी चवीने सांगतात तितकी ती कागदपत्रांत दिसत नाही.

नावावरूनही शोधकर्ता ठरवू नका. शिर कापणारं गिलोटिनचं यंत्र डॉक्टर गिलोटिनने बनवलं नाही. १७८९ ला त्याने फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत मागणी केली की देहदंड सगळ्यांना सारखा असावा, कमी वेदनेचा, यंत्राने. आराखडा केला अंत्वान लुई या शल्यचिकित्सकाने, बांधलं तोबियास श्मिट या वाद्यं बनवणाऱ्या जर्मन कारागिराने, पहिला वापर २५ एप्रिल १७९२ ला. सुरुवातीला लुईच्या नावावरूनही त्याला नाव पडलं होतं. आणि "गिलोटिन शेवटी स्वतःच्याच यंत्राखाली मेला" हा जो शेवट लोक जोडतात तो साफ चूक, तो १८१४ ला आजाराने गेला.

> सावधान: शोध लावणारा आपल्याच शोधाने मेला, नकार मिळालेलाच जगज्जेता झाला, असा शेवट छान जुळून आला असेल तर तो तुकडा पहिल्या पायरीत वेगळा काढून सगळ्यात कडक तपासा.

पायरी ८: आता स्वतःची दुरुस्ती तपासा

ही पायरी कोणी करत नाही आणि त्यामुळे जुन्या गैरसमजाच्या जागी नवा येऊन बसतो. मला याची जास्त काळजी वाटते, कारण "तुम्हाला माहितीये का, ते सगळं खोटंय" असं सांगणाऱ्यावर लोक लवकर विश्वास ठेवतात.

न्यूटनचं सफरचंद घ्या. डोक्यात पडलं याला आधार नाही, बरोबर. पण "सफरचंदाची गोष्टच बनावट" असं म्हणाल तर तुम्हीच चुकाल. ज्या स्ट्यूकलीने चीनच्या भिंतीबद्दल लिहिलं त्यानेच न्यूटनचं चरित्र लिहिलंय, आणि १५ एप्रिल १७२६ ला जेवणानंतर बागेत सफरचंदाच्या झाडांखाली बसलेले असताना न्यूटनने त्याला सांगितलं की गुरुत्वाकर्षणाचा विचार असाच सुचला होता, सफरचंद पडताना बघून. हस्तलिखित रॉयल सोसायटीकडे आहे, ऑनलाइन वाचता येतं. म्हातारपणी सांगितलेली साठ वर्षांपूर्वीची आठवण आहे, त्यामुळे शंका घ्या, पण गोष्ट खुद्द न्यूटनची आहे. आणि हेही बघा की भिंतीबद्दल अंदाज लिहिणारा माणूसच इथे प्रत्यक्ष समोर बसून ऐकणारा साक्षीदार आहे, म्हणून माणसाला एकदाच "विश्वासू" किंवा "बिनभरवशाचा" असा शिक्का मारून चालत नाही, प्रत्येक वेळी ते त्याला कसं कळलं हे बघावं लागतं.

आइनस्टाइन गणितात नापास झाला नव्हता, पंधरा वर्षांचा व्हायच्या आधीच त्याला कॅल्क्युलस येत होतं. पण "तो कुठलीच परीक्षा नापास झाला नाही" असंही लिहू नका. १८९५ ला सोळाव्या वर्षी झुरिकच्या पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा तो पास झाला नाही, गणित-भौतिकशास्त्र उत्तम आणि बाकीच्या विषयांत कमी पडला.

कोलंबसच्या बाबतीत दुरुस्ती अर्धीच केली जाते. त्या वेळच्या शिकलेल्या लोकांना पृथ्वी गोल आहे हे माहिती होतं, ग्रीक विद्वान इराटोस्थेनिसने तर इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकातच तिचा घेर मोजला होता. सपाट पृथ्वीवाल्या पंडितांशी भांडणाऱ्या कोलंबसाचं चित्र वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन लेखकाच्या १८२८ च्या चरित्रामुळे पसरलं. इथवर सगळे सांगतात. पण खरा वाद अंतराचा होता, कोलंबसाने पृथ्वी लहान धरली आणि आशिया जवळ आहे म्हणाला, विरोध करणारे म्हणाले अंतर फार जास्त आहे, आणि त्यांचंच बरोबर होतं. वाटेत या दोन्ही बाजूंपैकी कोणालाच माहिती नसलेला खंड लागला म्हणून तो वाचला.

> तपासा: तुमच्या दुरुस्तीच्या वाक्यात "कधीच", "सगळं", "मुळीच नाही" असे शब्द आहेत का? असतील तर ती दुरुस्तीही पहिल्या पायरीपासून फिरवा.

पायरी ९: निकाल चार शब्दांपैकी एकात लिहा

"खरं" आणि "खोटं" एवढे दोनच पर्याय ठेवले की गोंधळ होतो. चार ठेवा: *पक्कं*, *शक्य आहे*, *आधार सापडत नाही*, *चूक*. तिसरा आणि चौथा एक नाहीत. गॅलिलिओ पुटपुटला नसेलच असं सिद्ध करता येत नाही, पण आधार सापडत नाही. गिलोटिन यंत्राखाली मेला हे मात्र चूक, कारण तो कधी आणि कसा गेला ते माहिती आहे. मारी आंत्वानेतच्या वाक्यावर प्रत्येक तुकड्याला वेगळा निकाल लागेल: वाक्य जुनं हे पक्कं, राज्यक्रांतीत जन्मलं हे चूक, ती कधीतरी म्हणाली असेल याला आधार सापडत नाही.

विचित्र वाटणारं पण खरं असं निघालं तर तेही तितक्याच काळजीने लिहा. ऑक्सफर्डमध्ये शिकवणं मेक्सिकोतल्या अॅझ्टेक लोकांच्या राजधानीपेक्षा जुनं आहे हे खरंय, पण ऑक्सफर्डची स्थापनेची ठरावीक तारीख नाही, तिथे १०९६ ला शिकवणं चालू होतं एवढं माहिती आहे, आणि तेनोच्तित्लान, म्हणजे ती राजधानी, वसल्याची परंपरेने मानलेली तारीख १३२५. काय कशाशी मोजलंय ते वाक्यात आलं पाहिजे.

पायरी १०: पाठवताना

उत्तर देताना पहिल्या ओळीत बरोबर माहिती लिहा, चुकीचा किस्सा परत ठळक अक्षरांत वर टाकू नका, लोक वरची ओळ वाचतात आणि तेवढीच लक्षात ठेवतात. "नेपोलियनची उंची साधारण १६८ सेंटिमीटर, आकडा फ्रेंच मापातला असल्याने घोळ झाला" एवढं पुरतं. त्याखाली तुम्ही स्वतः पाहिलेल्या पानाचा फोटो किंवा दुवा जोडा, आणि पान पाहिलेलं नसेल तर तसं लिहा. ज्याने किस्सा पाठवलाय त्याला शक्यतो वेगळं, एकट्याला सांगा, चारचौघांत सांगितलं की माणूस किस्सा सोडून स्वतःचा बचाव करत बसतो.

नोट फेकू नका. तोच किस्सा वर्ष-दोन वर्षांनी नव्या फोटोसकट, कधी वेगळ्या माणसाच्या नावाने परत येतो, तेव्हा दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करायची गरज पडत नाही, फक्त काय बदललंय तेवढं तपासायचं. मधल्या काळात कोणाला अजून जुना उल्लेख सापडला असेल तर रकान्यातली तारीख खोडून नवी घाला आणि निकाल बदलत असेल तर ज्यांना आधी पाठवलं होतं त्यांनाही कळवा.